बाल्कनच्या राजधान्या: भीती भलतीकडे, धीर भलतीकडे

थोरल्या भाऊजींनी परवा घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला आणि खाली मला टॅग केलं: "हे आधी वाचायला हवं होतंस." मजकूर मी लगेच ओळखला. वर तो दुहेरी बाण, 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला'. तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून तो माझ्याकडे आलाय, दर वेळी शेवटचे हात जोडलेले इमोजी तेवढे एक-दोनानं वाढलेले. शीर्षक, 'बाल्कनला एकट्याने जाणाऱ्यांनो, सावधान!'

ज्यांच्याकडे तो अजून पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिराना (अल्बानिया), स्कोप्ये (उत्तर मॅसेडोनिया), प्रिश्तिना (कोसोव्हो), पोदगोरित्सा (माँटेनेग्रो) आणि साराजेव्हो (बॉस्निया) या पाच राजधान्यांत बघण्यासारखं काही नाही, एकेक शहर दोन तासांत आटपतं. युद्धातून न सावरलेला, गुंडांचा आणि लुबाडणाऱ्यांचा मुलूख आहे. शाकाहारी माणूस उपाशी मरतो. भाषा कळत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. तरीही जायचंच असेल तर व्हिसाची चिंता नको, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) असला की झालं, सर्बियाला तर तोही लागत नाही. आणि युरोपच असल्यामुळे रेल्वेचा पास काढा, सगळीकडे गाड्या जातात. पण शहाणे असाल तर ग्रुप टूरनंच जा.

मी २०२४ च्या सप्टेंबरात या पाचही शहरांत मिळून एकोणीस दिवस एकटीनं हिंडून आले. वय चौपन्न, पाठीवर एक सॅक, गुडघे बरे म्हणावेत असे. त्यामुळे भाऊजींना अंगठा दाखवून गप्प बसणं काही जमेना.

सगळा मजकूर खोटा नाही. पण त्यात एक गंमत आहे. जिथे खरंच जपून राहायला हवं तिथे तो 'काळजी नको' म्हणतो, आणि जिथे घाबरण्यासारखं काही नाही तिथे बोंब ठोकतो. म्हणून मी उलट्या टोकानं सुरुवात करते. धीर देणारे मुद्दे आधी, कारण तेच अंगाशी येणारे आहेत.

"शेंगेन असला की झालं. सर्बियाला तर तोही नको."

बाकीचे मुद्दे चुकले तर फार तर हसं होईल. हा चुकला तर विमानतळावरून परत फिरावं लागेल.

या पाच देशांपैकी एकही युरोपीय संघात नाही आणि शेंगेनमध्येही नाही. गोंधळ होतो तो शेजाऱ्यांमुळे. क्रोएशिया २०२३ च्या सुरुवातीला शेंगेनमध्ये गेला, बल्गेरिया आणि रोमानिया २०२५ च्या सुरुवातीला पूर्णपणे गेले. अल्बानिया, उत्तर मॅसेडोनिया, कोसोव्हो, माँटेनेग्रो आणि बॉस्निया मात्र बाहेरच आहेत. ते भारतीयांना शेंगेन व्हिसावर आत घेतात ती त्यांची स्वतःची सवलत, आणि प्रत्येकाची अट निराळी. मी गेले तेव्हा कुणी पंधरा दिवस देत होतं, कुणी तीस, अल्बानिया नव्वद, पण अल्बानियाला तो व्हिसा आधी एकदा वापरलेला हवा होता. या अटी बदलत असतात. त्या त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर निघण्याच्या आठवड्यात पाहायच्या, आणि ते पान छापून जवळ ठेवायचं. कारण तुम्हाला अडवतो तो बहुधा तिथला पोलीस नव्हे, मुंबईतल्या चेक-इन काउंटरवरचा मुलगा अडवतो.

खरी मेख पुढे आहे. व्हिसाच्या स्टिकरवर किती वेळा प्रवेश करता येईल याचा एक छोटा रकाना असतो. तिथे '०१' आहे, '०२' आहे की 'मल्ट', म्हणजे अनेक वेळा, ते बघा. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यानं रोम, मग तिराना, मग व्हिएन्नाहून घरी असं तिकीट काढलं होतं. एजंट म्हणाला, "शेंगेन आहे ना, मग झालं." स्टिकरवर '०१' होतं. रोमहून तिरानाला जाताना त्यांनी शेंगेन सोडला, तिथेच तो एक प्रवेश संपला. व्हिएन्नाला परत शिरता येईना. शेवटी इस्तंबूलमार्गे नवीन तिकिटं काढून घरी आले. त्या तिकिटांना किती पैसे पडले हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सर्बियाची व्हिसामाफी खरी होती, पण २०२२ संपेपर्यंत. १ जानेवारी २०२३ पासून भारतीयांसाठी ती बंद झाली. म्हणजे या मजकुरातला निदान तेवढा भाग शिळा आहे, आणि तसाच पुढे ढकलला जातोय.

शिवाय कोसोव्होचं एक वेगळंच प्रकरण आहे, ज्याचा मजकुरात उल्लेखही नाही. कोसोव्होनं १७ फेब्रुवारी २००८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. सर्बियाला ते मान्य नाही, भारतानंही कोसोव्होला मान्यता दिलेली नाही. यातून दोन गोष्टी निघतात. एक, प्रिश्तिनात पासपोर्ट हरवला तर तिथे आपला दूतावास नाही. दोन, अल्बानियातून किंवा स्कोप्येहून कोसोव्होत शिरलात आणि तिथून थेट सर्बियात निघालात, तर सर्बियाच्या हिशेबी तुम्ही त्यांच्या देशात चोरवाटेनं घुसलेले असता. प्रिश्तिनाहून बेलग्रेडला, म्हणजे सर्बियाच्या राजधानीत, जायचंच असेल तर आधी स्कोप्येला परत या आणि तिथून जा. नकाशावर हा वळसा खुळा दिसतो. घ्यावा.

"रेल्वेचा पास काढा"

तिरानाचं मध्यवर्ती रेल्वे स्थानक २०१३ मध्ये बंद करून पाडलं, तिथून मोठा रस्ता पुढे नेला. साराजेव्हो आणि बेलग्रेड या दोन राजधान्यांना जोडणारी गाडी २०१२ मध्ये थांबली. प्रिश्तिना ते स्कोप्ये जेमतेम नव्वद किलोमीटर, पण जायचं बसनंच. पास खिशात असून उपयोग काय, गाडीच नाही.

अपवाद एकच, पण तो असा की त्याच्यासाठी वाकडी वाट करावी. माँटेनेग्रोतल्या बार बंदरापासून पोदगोरित्सामार्गे बेलग्रेडला जाणारा लोहमार्ग १९७६ मध्ये सुरू झाला. लांबी ४७६ किलोमीटर आणि बोगदे २५४. आपल्या कर्जत-लोणावळा घाटातले बोगदे मोजत वाढलेल्या माणसाला हा आकडा ऐकूनच गुदगुल्या होतात. पोदगोरित्साच्या उत्तरेला माला रियेका नावाचा पूल लागतो, दरीच्या तळापासून १९८ मीटर उंच. मी खिडकीशी उभी होते, शेजारी एक आजोबा डब्यातून उकडलेली अंडी काढून सोलत होते. पूल आला तशी त्यांनी सोलणं थांबवून मला कोपरानं ढोसलं आणि खाली बोट दाखवलं. मग पुन्हा अंड्याकडे वळले.

बाकी सगळं बसवर. आणि बसची तयारी ही या सहलीतली खरी मेहनत. इंटरनेटवरची वेळापत्रकं अर्धवट असतात, म्हणून शहरात उतरल्या उतरल्या पुढच्या गावाच्या बसची वेळ तिथल्याच खिडकीवर विचारून घ्यायची. फलाटावर जायला बऱ्याच ठिकाणी वेगळं तिकीट लागतं, त्याला 'पेरोन्स्का' म्हणतात, बसच्या तिकिटाबरोबर ते मिळालंय ना ते तपासा. पोटातल्या डिकीत सॅक टाकायचे वेगळे पैसे, एक-दोन युरोची नाणी, आणि ती सुटीच हवीत. पोदगोरित्सा ते साराजेव्हो नकाशावर सव्वादोनशे किलोमीटर दिसतं, आपण म्हणतो चार तास. मला सात लागले. पिवा नदीच्या घळीतून रस्ता जातो, डोंगरात कोरलेले अंधारे बोगदे, आणि सरहद्दीवर तारा नदीवरचा एक अरुंद पूल, एका वेळी एकच गाडी जाईल असा. समोरून ट्रक आलेला. दोन्ही चालक उतरले, सिगारेटी पेटवल्या, काहीतरी ठरलं, मग ट्रक मागे गेला. बसमध्ये कुणी साधी मानही वर केली नाही.

हा प्रवास ज्यांना सोसणार नाही त्यांना मजकुरानं खरं तर इथे सावध करायला हवं होतं.

"गुंडांचा मुलूख, लुबाडतात"

बॉस्नियाचं युद्ध १९९५ मध्ये संपलं, कोसोव्होचं १९९९ मध्ये. अल्बानियात १९९७ मध्ये ठेवींच्या साखळी योजना बुडून जी अराजकाची लाट आली ती त्याच वर्षात ओसरली. मॅसेडोनियातला संघर्ष २००१ चा. आपल्या डोक्यात बाल्कनची जी चित्रं आहेत ती दूरदर्शनच्या बातम्यांतली. तेव्हा जन्मलेली मुलं आज तिशीला टेकली आहेत आणि तिरानात कॅफे चालवतात.

रात्री साडेदहाला तिरानाच्या स्कंदरबेग चौकात आज्या, लेकुरवाळ्या बाया, सायकलवरची पोरं अशी जत्रा असते. संध्याकाळी सहकुटुंब रस्त्यावर निघून सावकाश चालायचं, ओळखीच्यांना थांबून भेटायचं, याला अल्बानियन लोक 'जिरो' म्हणतात. बाईमाणसाला एकटीनं सुरक्षित वाटायला याहून काय लागतं? पाकीटमारी आहे, ती रोममध्ये याहून जास्त आहे. मला सगळ्यांत भीती वाटली ती झेब्रा क्रॉसिंगवर, आणि त्या बाबतीत आपण पुण्याहून निघालेले असल्यामुळे तयारीचे.

दोन गोष्टी मात्र गंभीर आहेत. बॉस्नियात युद्धातले भूसुरुंग अजून पूर्ण काढलेले नाहीत. साराजेव्होत रस्त्यावर काही नाही, पण डोंगरात पायवाट सोडून रानात शिरायचं नाही, कवटीचं चित्र असलेली लाल पाटी दिसली की मागे फिरायचं. आणि कोसोव्होच्या उत्तरेला मित्रोवित्साच्या बाजूला अधूनमधून तणाव होतो, निघण्याआधी बातम्या बघायच्या. मजकुरात या दोन्हींचा उल्लेख नाही. 'गुंड' आहेत.

लुबाडण्याबद्दल एक किस्सा. तिरानाच्या बाजारात एका म्हाताऱ्याकडे अंजिरं होती, सप्टेंबरातली, फुटायला आलेली. किलोला किती विचारलं, तर बोटांनी दोन दाखवून म्हणाला, "दोन हजार." मी मनात म्हटलं, सापडला, हाच तो लुबाडणारा. तरी अंजिरांचा मोह. दोन हजार लेकची नोट पुढे केली. त्यानं ती माझ्या हातात परत कोंबली, माझ्या पाकिटात डोकावून दोनशेची नोट स्वतः निवडून काढली, आणि शेजारणीला काहीतरी सांगून दोघं हसली. अल्बानियानं १९६५ मध्ये दहा जुन्या लेकचा एक नवा लेक केला, पण तोंडी भाव अजून पुष्कळ जण जुन्यातच सांगतात. आपले आजोबा नाही का नव्या पैशांच्या जमान्यातही आण्यांत हिशेब करायचे, तसंच. एक शून्य मनात पुसायचं. पिशवीत त्यानं वर दोन अंजिरं जास्तीची टाकली होती.

"शाकाहारी माणूस उपाशी"

मांसाहाराचा हा प्रदेश आहे, नाकारत नाही. साराजेव्होच्या बाश्चार्शियात, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, दुपारी कोळशावरच्या चेवापीचा, म्हणजे खिम्याच्या कबाबांचा, धूर डोळ्यांत जातो. पण उपाशी?

स्कोप्येत 'तावचे ग्रावचे' म्हणून पदार्थ आहे. पांढरा मोठा घेवडा शिजवून, कांदा आणि लाल मिरचीची पूड घालून मातीच्या खापरात भट्टीत भाजतात, वर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो. पावाबरोबर खायचा. वालाच्या बिरड्यावर वाढलेल्या माणसाला परकं वाटावं असं त्यात काही नाही, गूळ-खोबरं तेवढं नाही. शरद ऋतूत तिकडे घरोघरी लाल ढोबळ्या मिरच्या भाजून, सोलून, तासन्‌तास ढवळून 'आयवार' करतात. गल्लीभर तो वास असतो, आपल्याकडे उन्हाळी वाळवणांच्या दिवसांत असतो तसा. कोसोव्होत 'फ्लिया', पातळ घावन एकावर एक रचून वरून निखाऱ्यांनी भाजलेला. पालकाचा, चीजचा, बटाट्याचा 'ब्युरेक' सकाळी सहापासून कोपऱ्यावर मिळतो. साराजेव्होत मात्र जपा: तिथे ब्युरेक म्हणजे मांसाचाच, बाकीच्यांना 'पिता' म्हणतात, चीजची 'सिर्नित्सा', पालकाची 'झेल्यानित्सा', बटाट्याची 'क्रोंपिरुशा'. ही तीन नावं पाठ केली की नाश्ता सुटला.

आणखी एक शब्द 'पोस्नो'. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपासाचे दिवस वर्षात पुष्कळ असतात, त्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य. म्हणून स्कोप्ये, पोदगोरित्सा इथल्या बेकऱ्यांत 'पोस्नो' अशी पाटी लावलेले पदार्थ असतात. आपल्या 'उपवासाचे पदार्थ मिळतील' या पाटीची चुलत बहीण. एकच मेख: त्यांच्या उपासाला मासा बहुधा चालतो. तेवढं विचारून घ्यायचं. कोकणातल्या माझ्या माहेरी हे कळल्यावर सगळ्यांना तो धर्म एकदम पटला.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांची आणि जैन मंडळींची पंचाईत होईल, हे मान्य.

"भाषा कळत नाही, पाट्या वाचता येत नाहीत"

तरुणांना इंग्रजी येतं. तिरानात वयस्कांना इटालियन येतं, कारण कम्युनिस्ट हुकूमशहा एनवर होजाच्या राजवटीत लोक चोरून इटलीचा टीव्ही बघायचे. प्रिश्तिनात जर्मन ऐकू येतं, कारण घरटी कुणी ना कुणी जर्मनीत नाहीतर स्वित्झर्लंडमध्ये कामाला. पाट्यांचं म्हणाल तर सिरिलिक, म्हणजे रशियनच्या वळणाची, लिपी पाचांतल्या स्कोप्येतच काय ती सारखी भेटते, बाकी ठिकाणी रोमन अक्षरं पुरतात. आणि सिरिलिकही लिहिल्याप्रमाणे वाचायची, आपल्यासारखी. दोन संध्याकाळी लागतात.

पण खरी मजा त्यापुढे आहे. साराजेव्होत दुकानाला 'दुचान' म्हणतात. साबणाला 'सापुन', शत्रूला 'दुश्मन', टीप ठेवली तर ती 'बक्शिश'. आपल्याकडे बहामनी आणि आदिलशाहीच्या काळात फारसी-अरबी शब्द मराठीत मुरले, तिकडे ते ऑटोमन तुर्कांबरोबर पोचले, आणि एकाच टोपलीतले शब्द दोन टोकांना जाऊन पडले. बेकरीतल्या बाईनं मला एकदा 'कुसुर' म्हणून हाक मारली. माझी काय कसूर झाली म्हणून मी चपापले, तर ती उरलेली मोड पुढे करत होती. त्यांच्याकडे कुसुर म्हणजे सुटे परत देणं. स्कोप्येत आकडे मोजा: द्वा, त्री, च्येतिरी, पेत... देसेत. शाळेतलं संस्कृत कुठे कामी येईल सांगता येत नाही.

अल्बानियन मात्र निराळी. 'फालेमिन्देरित' म्हणजे धन्यवाद, एवढा एकच शब्द मी तीन दिवस घोकला.

"बघण्यासारखं काही नाही, दोन तासांत आटपतं"

हे वाक्य ज्यानं लिहिलं तो तिथे दोन तासच होता, याबद्दल मला शंका नाही. स्कोप्ये हे ओह्रिदच्या तळ्याला जाताना जेवायला थांबायचं ठिकाण, अशी कितीतरी टूरची आखणी असते. बस दगडी पुलाजवळ थांबते, गाइड घोड्यावरच्या योद्ध्याचा प्रचंड पुतळा दाखवतो, कारंज्यापाशी फोटो, चला.

त्या पुतळ्यापासून सरळ रस्त्यानं दहा-बारा मिनिटं चालत गेलं की जुनं रेल्वे स्थानक लागतं. अर्धी इमारत आहे, अर्धी नाही. दर्शनी भिंतीवर मोठं घड्याळ, काटे ५ वाजून १७ मिनिटांवर. २६ जुलै १९६३ च्या पहाटे भूकंप झाला, हजारावर माणसं गेली, शहराचा बहुतेक भाग राहण्याजोगा उरला नाही. ते घड्याळ तसंच ठेवून आत शहराचं संग्रहालय केलंय. किल्लारीनंतर आपण पत्र्याच्या शेडमध्ये भरलेल्या शाळा पाहिल्यात, त्यामुळे मी त्या भिंतीखाली जरा जास्तच वेळ उभी राहिले.

नंतरची गोष्ट अशी, की जगभरातून मदत आली, संयुक्त राष्ट्रांनी स्पर्धा घेतली आणि मध्यवर्ती भागाचा नवा आराखडा जपानच्या केन्झो तांगे यांना मिळाला. नवं स्थानक त्यांनी खांबांवर उचलून धरलं, गाड्या डोक्यावरून जातात, खाली बसस्थानक. आज ते कळकट आहे, पण मान वर करून बघा. टेकडीवरचं आधुनिक कलेचं संग्रहालय ही पोलंडनं दिलेली इमारत, आत जगभरातल्या चित्रकारांनी भूकंपग्रस्त शहराला भेट दिलेली चित्रं, त्यात एक पिकासोचं. मी गेले तेव्हा त्या दालनात मी आणि खुर्चीत पेंगणारी राखणदार बाई, दोघीच. पुढे २०१० नंतर सरकारनं 'स्कोप्ये २०१४' नावाखाली याच काँक्रिटच्या इमारतींना खोटे ग्रीक खांब चिकटवले आणि चौकाचौकांत पुतळे उभे केले. टूरला दाखवतात ते हे. थर्माकोलच्या मखराला देऊळ म्हणण्यातला प्रकार.

नदीपलीकडे जुना बाजार आहे आणि अलीकडे, मॅसेडोनिया रस्त्यावर, मदर तेरेसांचं स्मारकघर. १९१० मध्ये त्या स्कोप्येत जन्मल्या, १९२८ मध्ये इथून निघाल्या आणि पुढच्या वर्षी कोलकात्याला पोचल्या. त्या घराण्यानं अल्बानियन, त्यामुळे तीन राजधान्या त्यांच्यावर हक्क सांगतात: तिरानाचा विमानतळ त्यांच्या नावाचा, प्रिश्तिनाचा पायी फिरायचा मुख्य रस्ता आणि मोठं कॅथीड्रल त्यांच्या नावाचं. "इंडिया?" असं विचारून झालं की टॅक्सीवाल्याचा पुढचा शब्द ठरलेला, "नन तेरेझा." गंमत सोडा. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या. होजाच्या सरकारनं ना त्यांना बाहेर सोडलं, ना मुलीला आत येऊ दिलं. दोघी १९७० च्या दशकात तिथेच वारल्या. मदर तेरेसांना अल्बानियात पाऊल टाकता आलं ते १९८९ मध्ये, तेव्हा उरली होती ती थडगी.

हे ठाऊक असलं की तिरानातला बंकार्ट हा 'पॉइंट' राहत नाही. दाय्ती डोंगराच्या पायथ्याशी एनवर होजानं अणुहल्ल्यापासून स्वतःला वाचवायला पाच मजली भुयार बांधलं होतं. आत शंभरावर खोल्या, त्याची झोपायची खोलीही त्यात. देशभर लाखाहून जास्त छोटे काँक्रिटचे बंकर पेरले. त्यानं १९६७ मध्ये धर्मच बेकायदा ठरवला. आज भुयारात संग्रहालय आहे आणि आत इतकी थंडी की सप्टेंबरात शाल लागली. त्याच्या स्मारकासाठी १९८८ मध्ये बांधलेला पिरॅमिड ओस पडला होता, पोरं त्याच्या उतरत्या भिंतींवरून घसरगुंडी खेळायची. २०२३ मध्ये डागडुजी करून त्या उतारांना पायऱ्या केल्या. मी वर चढून बसले. शेजारी एक पोरगी अभ्यास करत होती, मांडीवर लॅपटॉप, पायातले बूट काढून ठेवलेले.

साराजेव्होबद्दल लिहायला बसले तर लेख संपणार नाही. ५ एप्रिल १९९२ पासून १४२५ दिवस वेढा. विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे आठशे मीटरचा बोगदा हातांनी खणून शहरानं श्वास घेतला. आज त्यातला थोडाच भाग वाकून चालता येतो. ऑगस्ट १९९२ मध्ये वियेच्नित्सा, म्हणजे तेव्हाचं राष्ट्रीय ग्रंथालय, तोफगोळ्यांनी पेटलं, लाखो पुस्तकं गेली. इमारत २०१४ मध्ये पुन्हा उघडली. फुटपाथवर तोफगोळा पडून झालेल्या खळग्यांत लाल राळ भरून ठेवली आहे, तिला 'साराजेव्होची गुलाबं' म्हणतात. खाली बघत चालणाऱ्यालाच ती दिसतात. एका गुलाबावर फळवाल्याच्या टोपलीचा कोपरा टेकला होता. गिऱ्हाईक हटल्यावर त्यानं टोपली पायानं थोडी सरकवली, काही न बोलता. १९१४ मध्ये फ्रान्झ फर्डिनांडवर गोळी झाडली तो लॅटिन पूल तिथून हाकेच्या अंतरावर आहे. टूरचे दोन तास तिथेच खर्च होतात.

प्रिश्तिना दिसायला ओबडधोबड आहे, आणि तिचं १९८२ चं राष्ट्रीय ग्रंथालय तर जगातल्या कुरूप इमारतींच्या याद्यांत जातं. नव्याण्णव घुमट आणि वरून लोखंडी जाळी. मला आवडलं. तिथली माकियातो कॉफी इटलीच्या तोंडात मारेल.

राहिली पोदगोरित्सा. इथे मजकूर बरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धात शहरावर सत्तरहून जास्त वेळा बाँबफेक झाली, जुनं फारसं उरलं नाही. १९४६ ते १९९२ त्याचं नावही तितोग्राद होतं. घड्याळाचा मनोरा, रिब्नित्सावरचा जुना पूल, आणि एका नव्या कॅथीड्रलच्या भिंतीवर नरकाच्या चित्रात मार्क्स, एंगेल्स आणि युगोस्लाव्हियाचा मार्शल तितो, एवढं पाहून दुपारी स्थानक गाठावं. मी दोन रात्री काढल्या, एक पुरली असती.

"शहाणे असाल तर ग्रुप टूर"

गुडघे कुरकुरत असतील, आईवडील बरोबर असतील, सात तासांची बस सोसणार नसेल, तर टूरनं जावं, त्यात कमीपणा काही नाही. साराजेव्होचे चढ आणि लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती मजेच्या नाहीत. फक्त टूर निवडताना कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक राजधानीत किती रात्री मुक्काम आहे ते मोजा. 'स्कोप्ये दर्शन' असं लिहून मुक्काम ओह्रिदला असेल तर तो जेवणाचा थांबा आहे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. भाऊजींनी अंगठा दिला, याचा अर्थ वाचलं नाही. जाऊबाईंचा मात्र रात्री फोन आला. बाकी राहू दे, म्हणाल्या, चहा मिळतो का तिकडे?

स्कोप्येच्या जुन्या बाजारात आणि प्रिश्तिनात मिळतो, कमरेत बारीक काचेच्या पेल्यात, बिनदुधाचा, कडक. साराजेव्होत मागू नका. मी मागितला तर पोऱ्यानं बाबुन्याच्या फुलांचा काढा आणून ठेवला आणि काळजीनं विचारलं, "ताप आहे का?"